डोंगरीच्या टेकडीपासून एटनाच्या बर्फापर्यंत

घराखालचा लाव्हा

मीरा-भाईंदर हे शहर वरवर पाहता खाडीचे अपत्य आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मधल्या सपाटीवर मिठागरे व भरतीचे पाणी शिरणारी खाजणे, अशा जमिनीवर ते वाढले. १९८५ मध्ये तेथे नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि या काळात मिठागरांच्या शेजारी, पुष्कळदा भरणी केलेल्या जागेवर, इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. चिखलाच्या या थराखाली मात्र कठीण खडक आहे आणि शहराच्या दोन्ही अंगांना तो टेकड्यांच्या रूपाने वर आलेला दिसतो: पूर्वेला काशीमिरा-घोडबंदरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पश्चिमेला, भाईंदरहून मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी, डोंगरी व उत्तनच्या टेकड्या. हा खडक ज्वालामुखीतून आलेला आहे. भरणीसाठी टाकलेला मुरूम म्हणजे हवापाण्याने कुजून भुसभुशीत झालेला लाव्हा आणि काँक्रीटमधील खडी म्हणजे क्रशरमध्ये फोडलेला लाव्हा. त्यामुळे येथील रहिवासी एखादा जागता ज्वालामुखी पाहण्यासाठी परदेशी निघतो, तेव्हा तो एका ज्वालामुखीवरून उठून दुसऱ्याकडे चाललेला असतो, इतकेच की घरचा ज्वालामुखी थिजून सुमारे सहा कोटी वर्षे लोटली आहेत.

जागता ज्वालामुखी पाहणे, त्यावर चढणे आणि हिवाळ्यात त्याच्या बर्फाळ उतारावर स्कीइंग करणे, म्हणजे पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येणे, हा आज जगभर रुळलेला पर्यटनाचा प्रकार आहे. भारतात स्कीइंग करायचे तर गुलमर्ग किंवा औली गाठावे लागते आणि हिमालयाचे ते उतार जागत्या ज्वालामुखीचे नाहीत. बर्फ आणि आग एकाच डोंगरावर पाहायची असेल तर सिसिली, न्यूझीलंड, चिली किंवा जपान या दिशांना जावे लागते. अशा डोंगराच्या किती जवळ जाता येईल आणि तेथून कधी मागे फिरावे लागेल, हे पर्यटकाच्या धाडसावर फारसे अवलंबून नसते. ते ठरते तीन गोष्टींवरून: शिलारस किती घट्ट आहे, त्यात वायू किती कोंडलेला आहे आणि त्याच्या वाटेत पाणी किती आहे. या तीन गोष्टी ओळखण्याचा सराव थंड झालेल्या खडकावरही करता येतो, आणि त्यासाठी मीरा रोडच्या आसपासचा परिसर चांगला आहे.

पाकाची परीक्षा

जमिनीखाली वितळलेल्या अवस्थेत असतो तो शिलारस आणि तोच जमिनीवर आला की त्याला लाव्हा म्हणतात. त्याची घट्टता मुख्यतः त्यातील सिलिकेच्या, म्हणजे वाळूचा मुख्य घटक असलेल्या द्रव्याच्या, प्रमाणावर अवलंबून असते. सिलिका ४५ ते ५२ टक्के असेल तर लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा आणि वाहता असतो. तो थिजला की काळा, जड बेसाल्ट होतो, ज्याला महाराष्ट्रात काळा पाषाण किंवा काळा कातळ म्हणतात. सिलिका साठ टक्क्यांच्या पुढे गेली की ट्रॅकाइट आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर गेली की रायोलाइट हे फिकट रंगाचे खडक बनतात. त्यांचा शिलारस तुलनेने थंड आणि अतिशय चिकट असतो. स्वयंपाकघरातील उपमा द्यायची तर बेसाल्टचा रस एकतारी पाकासारखा पळीवरून ओघळतो आणि रायोलाइटचा रस चिक्कीच्या गोळीबंद पाकासारखा जागच्या जागी साकळतो. वायूचे वागणेही त्यावरच ठरते. पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे वर येऊन मुकाट फुटतात, पण पिठले रटरटू लागले की तोच बुडबुडा दाट पिठाखाली अडकतो, फुगतो आणि फुटताना हातावर चटका देणारे शिंतोडे उडवतो. पातळ लाव्हा वाहतो आणि घट्ट शिलारस कोंडलेल्या वायूसह उडतो, हा ज्वालामुखीशास्त्राचा पहिला धडा त्यात आला.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग पहिल्या प्रकारच्या लाव्ह्याने बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर नष्ट झाले त्या काळाच्या आगेमागे, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून बेसाल्टचे पूर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून जे पठार घडले ते आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापून आहे. या खडकांना दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे आणि सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या पाहिल्या की तो समर्पक वाटतो, कारण प्रत्येक पट्टी हा लाव्ह्याच्या एका किंवा अनेक लोंढ्यांचा थर आहे. भेगांतून वाहिलेल्या पातळ लाव्ह्याने पाठ्यपुस्तकातल्यासारखा शंकू उभा केला नाही, तो दूरवर पसरला. म्हणूनच आयुष्यभर ज्वालामुखीच्या खडकावर राहूनही महाराष्ट्रातील माणसाच्या मनात ज्वालामुखीचे चित्र उभे राहते ते जपानच्या फुजीचे.

मुंबई आणि साष्टी बेटाचा भाग, ज्यात मीरा-भाईंदरही येते, या बाबतीत पठाराहून वेगळा आहे. येथे बेसाल्टबरोबर ट्रॅकाइट आहे, रायोलाइट आहे, स्फोटात उडालेल्या राखेचे थर आहेत आणि टोकदार तुकडे राखेत घट्ट बसून झालेला कोणाश्म नावाचा खडकही आहे. येथील ज्वालामुखी पठारावरचा मुख्य उद्रेक ओसरल्यानंतरही जागा होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील हेतू शेठ आणि कांचन पांडे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोंगरी परिसरातील रायोलाइटचे वय ६ कोटी ३० लाख वर्षांच्या जरा अलीकडे येते. हे वय खडकात साठलेल्या आर्गॉन या वायूच्या प्रकारांचे गुणोत्तर मोजून काढतात, कारण खडकातील किरणोत्सारी पोटॅशियमचे आर्गॉनमध्ये होणारे रूपांतर ठरावीक गतीने चालते. डोंगरीला दुसरीही एक गोष्ट दिसते. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले लाव्ह्याचे थर कोकणपट्टीच्या या भागात समुद्राकडे कललेले आहेत. भूकवचाला पडलेल्या या मोठ्या बाकाला भूवैज्ञानिक पनवेल फ्लेक्शर म्हणतात आणि डोंगरीचे थर पश्चिमेकडे झुकलेले असण्याचे कारण तोच आहे.

या खडकांचे नमुने मुंबईच्या इमारतींतही पाहता येतात. मालाड स्टोन या नावाने गवंड्यांना ठाऊक असलेला पिवळसर दगड हा ट्रॅकाइट आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत हा दगड व कुर्ल्याचा करडा बेसाल्ट यांनीच बांधली आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे साठ मीटर उंचीचा कडा उभ्या खांबांची मोळी बांधून ठेवल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल सुकताना आकसून बहुकोनी तुकड्यांत तडकतो, तसाच थिजणारा लाव्हा आकसला आणि तडे वरून आत उतरत गेल्याने हे खांब तयार झाले.

विस्तव पुढे गेला

येथे पुन्हा ज्वालामुखी जागा होईल काय, हा प्रश्न वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांमुळे वारंवार विचारला जातो. परशुरामाने त्या परिसरात यज्ञ केला आणि तेथील राखेच्या टेकड्या त्या यज्ञाच्या आहेत, अशी लोकश्रद्धा आहे. श्रद्धेने ज्या द्रव्याला राख म्हटले ते ज्वालामुखीचेच आहे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. कुंडांतील उष्णतेसाठी मात्र आज जमिनीखाली शिलारस असण्याची गरज नाही. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली झिरपते, खोलीबरोबर पृथ्वीचे तापमान वाढत जात असल्याने ते तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते.

शिलारसाचा मूळ स्रोत कोठे गेला याविषयी एक प्रसिद्ध उपपत्ती आहे. तिच्यानुसार पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तप्त द्रव्याचा एक स्तंभ जवळजवळ स्थिर राहिला आणि त्यावरून भारताचे भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेले; चुलीवरून कागद हळूहळू ओढत नेला तर त्यावर करपल्याची रेघ उमटावी, त्याप्रमाणे दख्खनपासून लक्षद्वीप-मालदीव-चागोसच्या समुद्रांतर्गत रांगेतून मॉरिशस आणि शेवटी रियुनियन बेटापर्यंत ज्वालामुखीजन्य खडकांची माळ तयार झाली. दक्षिणेकडे जावे तसे या माळेतील खडकांचे वय कमी होत जाते: मॉरिशस बेट ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी वर आले आणि रियुनियन त्याहून बरेच तरुण आहे. ही उपपत्ती सर्वांनाच मान्य नाही. भूकवच ताणले जाऊन फाटल्यानेच दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, असे मानणारा पक्षही आहे आणि वर उल्लेखिलेले हेतू शेठ हे स्तंभाच्या कल्पनेचे टीकाकार म्हणून ओळखले जातात. पण माळेची मांडणी खरी धरली, तर मराठी इतिहासाचा एक धागा तिच्यात विलक्षण रीतीने ओवला जातो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून जहाजाने मॉरिशसला गेलेली मराठी कुटुंबे तेथील उसाच्या मळ्यांत ज्या काळ्या दगडांचे ढीग रचत होती, ते दगड त्यांच्या गावच्या कातळाचे धाकटे भावंड ठरतात. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटर उंचीचा डोंगर जगातील सर्वांत वारंवार जागणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. उष्ण कटिबंधातील या डोंगरावर स्कीइंगला बर्फ नाही, पण ज्वालामुखी कसा पाहावा याची शिस्त तेथे चांगली घडली आहे. त्याचे मुख बहुतेक वेळा एका विशाल, कड्यांनी वेढलेल्या खळग्याच्या आत फुटते आणि लाव्हा समुद्राच्या बाजूला वाहतो. १९७९ पासून चालणारी वेधशाळा भूकंपांची नोंद ठेवते, शिलारस वर सरकू लागल्याची चिन्हे दिसली की खळग्यात उतरण्याची वाट बंद होते आणि लोक कड्यावर उभे राहून रात्री लाल प्रवाह पाहतात. लाव्हा पातळ असल्याने हे शक्य होते. पातळ लाव्हाही नेहमी गरीब नसतो: १९७७ मध्ये तो खळग्याबाहेर फुटून एका गावात शिरला आणि तेथील चर्चच्या दाराशी येऊन थिजला, तर २००७ मध्ये इतका शिलारस बाहेर पडला की माथ्यावरच्या विवराचा तळ ३०० मीटरच्या आसपास खचला.

एटना: आगीवर पडलेला बर्फ

बर्फावरून ज्वालामुखी उतरण्यासाठी सर्वांत प्रसिद्ध स्थान आहे सिसिली बेटावरचे एटना. युरोपातील हा सर्वांत मोठा जागता ज्वालामुखी सुमारे ३४०० मीटर उंच आहे. नेमका आकडा दर काही वर्षांनी बदलतो, कारण प्रत्येक उद्रेकात माथ्यावरची विवरे वाढतात किंवा ढासळतात. मोंजिबेल्लो हे त्याचे जुने नाव लॅटिन आणि अरबी अशा दोन भाषांतील डोंगरवाचक शब्द जोडून झाले आहे, म्हणजे त्याचा अर्थ डोंगर-डोंगर असाच होतो. पायथ्याचे लोक तर त्याला नुसतेच डोंगर म्हणतात आणि तेही स्त्रीलिंगी रूपात. द्राक्षे, लिंबूवर्गीय फळे आणि पिस्ते यांच्या बागा या डोंगराच्या मातीवर पोसल्या आहेत आणि २०१३ पासून त्याचा माथा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत आहे.

डोंगर समुद्रालगत असल्याने हिवाळ्यात ओलसर वारे त्याच्या उंच भागावर भरपूर बर्फ टाकतात आणि साधारण डिसेंबर ते मार्च हा स्कीइंगचा काळ असतो. दक्षिण उतारावर निकोलोसी गावाच्या वर सुमारे १९०० मीटरवर सापिएन्झा हे ठाणे आहे, जेथून तारेवरचे पाळणे २५०० मीटरपर्यंत नेतात. उत्तर उतारावर लिंग्वाग्लोसाच्या वर सुमारे १८०० मीटरवर पियानो प्रोव्हेन्झाना आहे. उतरताना समोर निळा आयोनियन समुद्र, पायांखाली पांढरा उतार आणि मध्येच जुन्या लाव्ह्याचे काळे सुळके, असे दृश्य आल्प्समध्ये मिळत नाही. येथला बर्फही वेगळा आहे, कारण विवरातून उडालेली काळी राख त्यावर पडत राहते. राखेचा पातळ थर सूर्याची उष्णता शोषतो आणि बर्फ लवकर वितळवतो. तोच थर काही सेंटीमीटर जाड झाला की गोधडीसारखे काम करून बर्फाला उष्णतेपासून वाचवतो. राखेचे कण काचेसारखे कठीण व कोनदार असल्याने ते स्कीच्या तळाला सँडपेपरसारखे घासतात आणि राख साचलेल्या पट्ट्यावर स्की अचानक अडखळते.

राखेच्या या गोधडीचा एक नमुना विज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १८२८ साली कडक उन्हाळ्यात बर्फाची टंचाई पडली तेव्हा मारिओ जेम्मेल्लारो या एटनाच्या अभ्यासकाच्या शोधामुळे एटनावर लाव्ह्याच्या थराखाली दडलेला बर्फाचा मोठा साठा उघड झाला आणि भूविज्ञानाचा आधारस्तंभ मानल्या जाणाऱ्या चार्ल्स लायलने त्याची चर्चा केली. लाव्ह्याने बर्फ वितळला कसा नाही, याचे उत्तर असे की लाव्हा येण्यापूर्वी बर्फावर राख आणि वाळूचा जाड थर बसला होता आणि हा थर उष्णतेचा दुर्वाहक आहे. विजेवरची शीतपेटी येण्यापूर्वीच्या काळात एटनाचा बर्फ हा व्यापाराचा माल होता. उन्हाळ्यात तो खाली आणून विकला जाई आणि माल्टापर्यंत पाठवला जाई.

या डोंगराने आपल्या अंगावरच्या सोयी अनेकदा परत घेतल्या आहेत. २००१ च्या उन्हाळ्यात लाव्हा सापिएन्झापाशी आला आणि पाळण्यांच्या व्यवस्थेची हानी झाली. २००२ च्या ऑक्टोबर अखेरीस उत्तर उतारावर भेगा पडल्या आणि पियानो प्रोव्हेन्झानाचे स्की केंद्र लाव्ह्याखाली गेले. दोन्ही ठिकाणे पुन्हा उभी राहिली, कारण एटनाच्या पायथ्याच्या माणसांना अशा पुनर्रचनेची शतकानुशतकांची सवय आहे. १६६९ मध्ये लाव्हा कातानिया शहरापर्यंत आला, तेव्हा ओल्या कातड्यांनी अंग झाकून काही लोकांनी लोखंडी पहारींनी प्रवाहाचा थिजलेला काठ फोडला आणि त्याला वेगळी वाट देण्याचा प्रयत्न केला. नवी वाट शेजारच्या पातेर्नो गावाच्या दिशेने जाते असे दिसताच तेथील लोकांनी हत्यारे घेऊन त्यांना रोखले.

पाणी मिसळले की

एटनाचा लाव्हा मुख्यतः बेसाल्टच्या कुळातला, म्हणून तो सहसा वाहतो आणि दुरून पाहता येतो. बर्फाने हा हिशेब बदलतो. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर जे होते ते येथे प्रचंड प्रमाणात घडते, कारण पाण्याची वाफ होताना ते नेहमीच्या दाबाखाली सुमारे १७०० पट जागा मागते आणि ती जागा मिळाली नाही तर वरचा थर उडवून घेते. १६ मार्च २०१७ रोजी एटनावर हिमाच्छादित जमिनीवरून सरकणाऱ्या लाव्ह्याखाली असाच स्फोट झाला आणि जवळ उभे असलेले पर्यटक, पत्रकार व अभ्यासक मिळून दहाच्या आसपास लोक तप्त दगडांनी जखमी झाले. लाव्ह्याचा प्रवाह माणसाच्या चालण्यापेक्षाही मंद होता. धोका त्याच्या गतीत नव्हता, त्याच्या खालच्या बर्फात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फावरून वाहणारा लाव्हा पाहण्यासाठी स्कीवरून आलेल्या लोकांची गर्दी उसळली, तेव्हा अधिकाऱ्यांनी जवळ जाण्यावर निर्बंध घातले, त्यामागे हेच कारण होते. त्याच वर्षी २ जून रोजी आग्नेय विवराचा एक भाग कोसळून राख व तप्त दगडांचा लोट उतारावर आला आणि डोंगरावरच्या पर्यटकांना पळत खाली यावे लागले. त्याहून फार जुनी आणि दारुण घटना १९७९ ची: मोठा उद्रेक चालू नसताना एका विवरातून अचानक उडालेल्या दगडांनी नऊ पर्यटकांचा बळी घेतला.

न्यूझीलंडचा २७९७ मीटर उंचीचा रुआपेहू हा याच प्रश्नाचे दुसरे रूप दाखवतो. त्याच्या उतारांवर देशातील मोठी स्की मैदाने आहेत आणि माथ्यावर विवरात तळे आहे. तळ्याचे पाणी बर्फ, राख आणि दगडांसह उतारावरून धावू लागले की ओल्या काँक्रीटसारखा दाट लोंढा बनतो, ज्याला जावाच्या भाषेतून आलेला लाहार हा शब्द जगभर वापरतात. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री अशा लोंढ्याने तांगीवाई येथील रेल्वेपूल तोडला, धावती गाडी नदीत कोसळली आणि १५१ माणसे गेली; त्या वेळी उद्रेक चालूही नव्हता, तळ्याचा बांध फुटला होता. त्यानंतर तेथे सूचनायंत्रणा उभी राहिली, आणि २००७ च्या मार्चमध्ये तळ्याचा बांध पुन्हा फुटला तेव्हा लोंढा कोणाचाही जीव न घेता निघून गेला. स्की मैदानावर भोंगा वाजला की घळीतून बाहेर पडून जवळच्या धारेवर चढावे, असा तेथील नियम आहे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्याला हा नियम नवा वाटणार नाही, कारण ओढ्याला अचानक पाणी आले तर पात्र सोडून कडेच्या उंचवट्यावर जाण्याचे शहाणपण तेच आहे.

जपानच्या कुसात्सु-शिराने पर्वतावर २३ जानेवारी २०१८ रोजी घडलेली घटना आणखी एक धडा देते. तेथील वैज्ञानिकांचे लक्ष एका विवराकडे होते आणि स्फोट झाला शेजारच्या, दीर्घकाळ शांत असलेल्या भागातून; उडालेले दगड स्की उतारावर आणि पाळण्यांवर पडले आणि स्कीचे प्रशिक्षण घेणारा एक सैनिक मरण पावला. अशा स्फोटांत नवा शिलारस बाहेर येतोच असे नाही. जमिनीतील पाणी उष्णतेने वाफ होऊन उडते आणि त्याची पूर्वसूचना अनेकदा मिळत नाही. याच प्रकारच्या स्फोटाने जपानच्या ओंताकेवर २०१४ मध्ये ६३ गिर्यारोहक मृत किंवा बेपत्ता झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर २२ जणांचे प्राण गेले.

जाणाऱ्याने काय वाचावे

जाणत्या पर्यटकासाठी यातून काही नियम निघतात. इटलीत ज्वालामुखीची स्थिती हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांनी जाहीर होते आणि एटनाच्या वरच्या भागात कोठवर व कोणाबरोबर जाता येईल हे त्या त्या वेळच्या स्थानिक आदेशांवर ठरते. विवरांच्या जवळ जायचे तर मान्यताप्राप्त पर्वतमार्गदर्शक बरोबर असावा लागतो. आदेश सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शकतो. राखेमुळे कातानियाचा विमानतळही बंद पडतो, त्यामुळे परतीच्या तिकिटात एक-दोन दिवसांची सवड ठेवणे शहाणपणाचे असते. गंधकाचा वास असलेला वायू हवेपेक्षा जड असतो, कार्बन डायऑक्साइडला तर वासही नसतो आणि तो खोलगटात साचतो. म्हणून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहणे आणि विश्रांतीसाठी खळगा न निवडणे, हे दोन साधे नियम हेल्मेटइतकेच महत्त्वाचे आहेत.

ज्याला एवढ्या जाग्या डोंगरावर जायचे नाही त्याच्यासाठी झोपलेल्या ज्वालामुखींचा पर्याय आहे. महाराष्ट्रातील अनेक गिर्यारोहक ज्या दोन शिखरांपासून परदेशी मोहिमांना सुरुवात करतात, ते आफ्रिकेचे ५८९५ मीटर उंचीचे किलिमांजारो आणि रशियातील ५६४२ मीटर उंचीचे एल्ब्रुस, हे दोन्ही ज्वालामुखीच आहेत आणि एल्ब्रुसच्या उतारांवर स्कीइंगही चालते. निकाराग्वात तर १८५० मध्ये जन्मलेल्या सेर्रो नेग्रो या काळ्या शंकूवरून बर्फाविनाच, फळीवर बसून, राखेवरून घसरत येतात. गरम देशाने शोधलेला तो स्कीइंगचा भाऊबंद आहे. भारतातील एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर, श्री विजयपुरमच्या (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. १७८७ मध्ये त्याचा उद्रेक नोंदला गेला, दीड शतकाहून अधिक शांततेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. निर्जन आणि संरक्षित असलेले हे बेट पाहायचे ते परवानगीनिशी बोटीतून, लांबून.

या सर्व प्रवासांचा सराव घरापासून सुरू करता येतो. उद्यानाच्या डोंगरांत, मीरा रोडपासून फार दूर नाही अशा कान्हेरीच्या, म्हणजे कृष्णगिरीच्या, काळ्या खडकात इसवीसनाच्या आगेमागे सुरुवात करून पुढील अनेक शतकांत बौद्ध भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी कोरली. त्या भिंतींजवळ जाऊन पाहिले तर काही ठिकाणी खडक एकसंध दिसत नाही. वेगवेगळ्या आकारांचे कोनदार तुकडे बारीक पुडीत रुतलेले दिसतात, जणू कोणी खडी सिमेंटात कालवून ठेवली आहे. हा कोणाश्म आहे. तुकडे कोनदार आहेत, म्हणजे ते नदीने घासून गुळगुळीत केलेले नाहीत, फुटून उडालेले आहेत; लहानमोठे एकत्र आहेत, म्हणजे पाण्याने त्यांची निवड करण्याआधीच ते जागी बसले. एटनाच्या बर्फावर मार्च २०१७ मध्ये दगडांचा वर्षाव झाला तेव्हा ज्याला ते क्षणभर दिसले, त्याने पळावे हे खरे. कान्हेरीच्या ओसरीत मात्र उडालेल्या दगडांसमोर हवा तेवढा वेळ उभे राहता येते आणि मग डोंगरीला जाऊन समुद्राकडे कललेल्या फिकट खडकावर हात ठेवून, हा रस वाहिला की उडाला, हा प्रश्न स्वतःला विचारता येतो. तो विचारण्याची सवय लागलेला माणूस परक्या डोंगरावरही स्की बांधण्यापूर्वी वाऱ्याकडे, घळीकडे आणि बर्फाखाली काय आहे याकडे आधी पाहील.